चारशे तासांचा उंबरठा

अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट मिळत नाहीत, अशी शाळांची आणि रुग्णालयांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. तिथल्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये या व्यवसायातली मध्यम वार्षिक कमाई ८९,२९० डॉलर होती आणि पुढच्या दहा वर्षांत या क्षेत्रातल्या नोकऱ्या १८ टक्क्यांनी वाढतील, असा खात्याचा अंदाज होता. मागणी अशी दारात उभी. शिकायला तयार असलेल्या मुलींचीही वाण नाही (मुली म्हणतो, कारण या व्यवसायात शंभरात पंचाण्णवच्या आसपास स्त्रिया आहेत). तरीही वाचा-भाषा उपचाराच्या मास्टर्सला प्रवेश मिळवणे ही मोठी मारामार झाली आहे. चांगल्या विद्यापीठाकडे काही शे अर्ज येतात आणि वर्ग असतो पंचवीस-तीस जणींचा. उत्तम गुणांच्या मुली दहा-दहा ठिकाणांहून नकार घेऊन बसतात.

असे का होते, हे ज्यांना कळते त्यांचा अर्जच वेगळा होतो. म्हणून आधी कारण पाहू.

अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करायचे तर मास्टर्स लागतेच, नुसत्या पदवीवर भागत नाही. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना ‘आशा’ १९२५ मध्ये आयोवात, मूठभर लोकांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचे प्रमाणपत्र मिळवायला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून मास्टर्स करावे लागते, ४०० तासांचे क्लिनिकल काम दाखवावे लागते, प्रॅक्सिस परीक्षेत २०० पैकी निदान १६२ गुण मिळवावे लागतात आणि पदवीनंतर ३६ आठवडे पूर्णवेळ फेलोशिप करावी लागते. त्या ४०० तासांपैकी २५ तास निरीक्षणाचे, उरलेले ३७५ प्रत्यक्ष रुग्णाबरोबरचे. नियम असा की प्रत्येक रुग्णाबरोबरच्या वेळेपैकी किमान चौथा हिस्सा प्रमाणपत्रधारक थेरपिस्टने स्वतः पाहिलेला असला पाहिजे.

आता हिशेब मांडा. पंचवीस जणींचा वर्ग धरला तर ३७५ गुणिले २५ म्हणजे ९,३७५ तासांचे रुग्ण लागले. त्यातले तेवीसशेहून जास्त तास कुणीतरी अनुभवी माणसाने शेजारी बसून किंवा काचेपलीकडून पाहायचे. विद्यापीठाच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये यातला थोडाच भाग पुरा होतो. बाकीचा शाळा, रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे यांच्या भरवशावर चालतो. तिथल्या थेरपिस्टकडे आधीच कामाचा ढीग. शाळेत एकेकीकडे साधारण पन्नास मुले असतात. विद्यार्थिनीला हाताखाली घेण्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. पक्षाघात झालेल्या प्रौढांबरोबर किंवा गिळण्याच्या तक्रारींवर काम शिकवणारी जागा शोधताना तर विभागांची दमछाक होते. वर्गात खुर्च्या वाढवणे सोपे, शिकवणारे डोळे वाढवणे अवघड. प्रवेशाची अडचण गुणवत्तेच्या टंचाईतून आलेली नाही, देखरेखीच्या टंचाईतून आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातून प्रवेश समितीच्या मनातला खरा प्रश्न उलगडतो. ‘ही मुलगी हुशार आहे का?’ एवढेच तिला विचारायचे नसते. ‘ही मुलगी पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्यात रुग्णासमोर बसू शकेल का, चूक सांगितली तर ऐकेल का, आणि आम्ही महत्प्रयासाने मिळवलेल्या रुग्णालयात आमचे नाव राखेल का?’ हे तिला जाणून घ्यायचे असते. अर्जाचा प्रत्येक कागद या प्रश्नाकडे तोंड करून लिहिला पाहिजे.

अर्जाची यंत्रणा आता बरीचशी एका छताखाली आली आहे. बहुतेक विद्यापीठे ‘सीएसडीकॅस’ या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात. तिथल्या उन्हाळ्यात पोर्टल उघडते, शेवटच्या तारखा मुख्यतः डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात आणि अनेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. पोर्टल तुमचा जीपीए स्वतः नव्याने मोजते. परत दिलेला विषय, पहिल्या वर्षीचा पडलेला सेमिस्टर, सगळे त्यात येते. काही विभाग शेवटच्या साठ क्रेडिटांचे गुण वेगळे पाहतात. पहिल्या वर्षी चाचपडून नंतर सावरलेल्यांनी असे विभाग आवर्जून शोधावेत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा मात्र मागे पडली आहे. २०२० च्या साथीत परीक्षा केंद्रे बंद झाली, अनेक विभागांनी ती अट तात्पुरती काढली आणि मग तिच्यावाचून काही अडत नाही हे त्यांच्या लक्षात आले. चांगले झाले. शब्दसंग्रहाच्या कोड्यांवरून कुणी तोतरे बोलणाऱ्या मुलाशी कसे वागेल ते कळत नाही.

पूर्वतयारीचे विषय हा मात्र अनेकांचे पाय अडकण्याचा भाग आहे. ध्वनिशास्त्र, वाणी आणि श्रवणाची शरीररचना, भाषाविकास, श्रवणशास्त्र हे विषय पदवीला झालेले लागतात. मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र घेऊन पदवी झालेल्यांना ते वेगळे वर्षभर करावे लागतात. युटा स्टेट युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी ते ऑनलाइन करता येतात. शिवाय प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र, आणि भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र यांचा महाविद्यालयीन पातळीवरचा एकेक विषय हवा. आपल्याकडच्या मुली म्हणतात, ‘बारावी सायन्स झालंय की!’ अमेरिकन विभाग अनेकदा ते धरत नाहीत. आपल्याकडच्या बीएएसएलपी या वाचा-श्रवण पदवीच्या कोणत्या पेपरात यातले काय शिकवले होते, याचा अभ्यासक्रम हाताशी ठेवणे आणि अर्जाआधी विभागाला ई-मेल करून विचारणे, हे काम जुलै-ऑगस्टमध्येच उरकावे.

आता निबंधाकडे येतो. स्टेटमेंट ऑफ पर्पज, एसओपी. इथे थोडे थांबायला हवे, कारण सारख्याच गुणांच्या दोनशे जणींमधून पंचवीस निवडताना समितीपुढे मुख्यतः हाच कागद असतो.

मी असे बरेच निबंध वाचले आहेत. ‘लहानपणापासून मला लोकांना मदत करण्याची आवड’ अशी सुरुवात असलेले इतके, की पुढचा परिच्छेद न वाचता सांगता येतो. ती आवड खोटी नसते. पण ती नर्सला असते, शिक्षिकेला असते, आणि समितीला त्यातून काहीच कळत नाही. याउलट एका मुलीचा निबंध माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ती इंटर्नशिप करत होती. साठीचे एक गृहस्थ, पक्षाघातानंतर वाचा गेलेली. समोर पेला धरून थेरपिस्टने विचारले, ‘हे काय?’ त्यांना शब्द सापडेना. मग थेरपिस्टने हळूच ‘एक, दोन’ सुरू केले आणि ते सलग दहापर्यंत गेले. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा उजळला. ‘अहो, येतंय की बोलता तुम्हाला! मग घरी का नाही बोलत?’ त्यांनी मान फिरवली. मुलीने पुढे लिहिले होते: अंक म्हणणे ही वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप येणारी वाणी आहे, पेल्याचे नाव घेणे हे मेंदूचे वेगळे काम आहे, आणि त्या दिवशी थेरपिस्टने पुढची दहा मिनिटे रुग्णाला न देता बायकोला दिली, हा फरक समजावून सांगण्यासाठी, कारण ‘मुद्दाम बोलत नाहीत’ हा समज घरी गेला असता तर पुढचे उपचार त्याच्याखाली चिरडले असते. निबंधात ‘मला मदत करायला आवडते’ हे वाक्य कुठेच नव्हते. ते लिहायची गरजच नव्हती.

स्वतःच्या घरातली गोष्ट लिहावी का, हा प्रश्न नेहमी येतो. भाऊ अडखळत बोलायचा, आजीला पक्षाघात झाला, स्वतःवर लहानपणी उपचार झाले. जरूर लिहावी. या शास्त्राचा पायाच अशा माणसांनी घातला आहे. कलामाझूच्या आजच्या वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात १९३६ मध्ये क्लिनिक सुरू करणारे चार्ल्स व्हॅन राइपर स्वतः तोतरे होते. आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सनही होते. पण जॉन्सनची कथा इथे संपत नाही. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नाही, ऐकणाऱ्या पालकाच्या कानात सुरू होतो, अशा विचाराकडे ते झुकले, आणि १९३९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या मुलांवर प्रयोग केला. व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना ‘तू अडखळतोस’ असे वारंवार सांगितले गेले. मुलांवर त्याचे व्रण राहिले. विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली. स्वतःच्या दुःखातून आलेली ओढ माणसाला या कामापर्यंत आणते, आणि तीच ओढ दुसऱ्याचे दुःख स्वतःसारखेच आहे असे मानायलाही लावते. म्हणून घरची गोष्ट लिहिताना तिच्यातून काय शिकलो यापेक्षा, ती बाजूला ठेवून समोरच्याचे ऐकायला कधी शिकलो, हे लिहिलेले जास्त मोलाचे.

शिफारसपत्रांबाबत आपल्याकडची एक पद्धत मोडायला हवी. प्रमुख म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मुलगी संकोचाने स्वतःची स्तुती लिहिते, तीही मैत्रिणीच्या पत्रावरून. पोर्टलवर पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः चढवायचे असते आणि बरोबर विद्यार्थिनीचे गुणांकनही करायचे असते. एकाच विभागातून एकाच साच्याची तीन पत्रे आली की ती लपत नाहीत. तीन पत्रांपैकी निदान एक तरी अशा व्यक्तीचे असावे जिने मुलीला रुग्णासमोर पाहिले आहे. ते पत्र लहान असले, इंग्रजी साधे असले तरी चालेल. ‘तिसऱ्या आठवड्यात तिने मुलाचा गेम मध्येच बदलला, कारण त्याचे लक्ष उडाले हे तिला माझ्याआधी दिसले’ एवढे एक वाक्यसुद्धा ‘मेहनती आणि नम्र’ अशा विशेषणांच्या पानभर रांगेपेक्षा भारी ठरते.

मुलाखती आता बऱ्याच ठिकाणी घेतल्या जातात, काही वेळा नुसत्या व्हिडिओवर, प्रश्न पडद्यावर आणि उत्तराला एक-दोन मिनिटे. भारतीय मुलींच्या मनात तेव्हा उच्चाराची धास्ती असते. आपला ‘व’ त्यांच्या दोन वेगळ्या ध्वनींच्या मध्ये कुठेतरी पडतो, आपला ‘ट’ जिभेचे टोक मागे वळवून येतो. मग इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे उच्चार आपण कसे सुधारणार? ‘आशा’ने १९९८ मध्येच अधिकृत भूमिका घेतली आहे की हेल किंवा बोली वेगळी असल्यामुळे विद्यार्थ्याला या व्यवसायातून अडवता येणार नाही, लक्ष्यध्वनी दाखवता येणे आणि ऐकून ओळखता येणे पुरेसे. ही भूमिका माहीत असलेली मुलगी मुलाखतीत ताठ बसते.

कुठे अर्ज करावा याचा निर्णय बहुतेक जण क्रमवारी पाहून करतात आणि तिथे फसतात. ‘यू. एस. न्यूज’ची या विषयातली क्रमवारी विभागांनी एकमेकांना दिलेल्या मतांवर उभी आहे. त्यात पर्यवेक्षकांची संख्या नाही, रुग्णालयातल्या जागा नाहीत. वँडरबिल्ट, आयोवा, नॉर्थवेस्टर्न ही मोठी नावे आहेत आणि योग्यही आहेत. पण मान्यताप्राप्त प्रत्येक विभागाला गेल्या तीन वर्षांचे आकडे संकेतस्थळावर टाकावे लागतात: किती जणी वेळेत उत्तीर्ण झाल्या, किती प्रॅक्सिस उतरल्या. ‘आशा’च्या ‘एडफाइंड’वर किती अर्ज आले आणि किती जणांना जागा देऊ केली हेही मिळते. हे तास-दोन तासांचे काम न करता दहा नामांकित ठिकाणी अर्ज भरणे म्हणजे शुल्काचे पैसे पाण्यात. प्रमाणपत्र सगळ्यांचे सारखेच असते, हे लक्षात असू द्यावे.

भारतातून जाणाऱ्यांची वाट यापेक्षा एका वळणाने लांब आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, अशा ठिकाणांहून चार वर्षांची बीएएसएलपी होते. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. आपल्याकडे एकाच पदवीत वाचा आणि श्रवण दोन्ही शिकवतात. अमेरिकेत श्रवणशास्त्राची वाट पूर्ण वेगळी, डॉक्टरेटची. अर्ज करतानाच कोणती घ्यायची ते ठरवावे लागते. इंटर्नशिपच्या वर्षातले शेकडो तास, ओपीडीच्या गर्दीत एकेका दिवशी पाहिलेले डझनभर रुग्ण, हे सगळे ४०० तासांच्या हिशेबात सहसा धरले जात नाही, कारण देखरेख करणाऱ्यांकडे ‘आशा’चे प्रमाणपत्र नसते आणि ३२५ तास तर मास्टर्सच्याच पातळीवरचे असावे लागतात. मुलींना हे ऐकून वाईट वाटते. तास मोजले गेले नाहीत तरी ते निबंधात आणि मुलाखतीत बोलतात. अमेरिकेत पदवी घेतलेल्या बहुतेक मुलींनी निरीक्षणापलीकडे फारसे केलेले नसते. आपल्या मुलीने वर्षभर गिळण्याच्या तपासण्या पाहिलेल्या असतात, आयांना समजावलेले असते. हे तिने दबक्या आवाजात सांगू नये.

व्हिसाचा हिशेबही आधी मांडावा. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे अलीकडे जागा वाढल्या आहेत, पण त्यांच्यावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात, ३६ आठवड्यांची फेलोशिप त्यात बसते, आणि त्या काळात पुढच्या व्हिसासाठी हात देणारा मालक शोधावा लागतो. पुढे नोकरीच्या व्हिसासाठी आरोग्यसेवकांना लागणारे ‘व्हिसास्क्रीन’ प्रमाणपत्र वेगळे. म्हणून कर्ज काढण्याआधी घरी बसून सगळ्यांनी मिळून हे गणित करावे. दुसरी वाट खुली आहे आणि ती कमी दर्जाची नाही: १९६५ मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमध्ये किंवा मुंबईत मास्टर्स करायचे, इथे काम करायचे, आणि मग हवे तर परदेशी पदवीची समकक्षता तपासून घेऊन ‘आशा’कडे अर्ज करायचा. कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या संघटनांशी ‘आशा’चा परस्पर मान्यतेचा करार आहे. भारत त्यात नाही, आणि तो असावा यासाठी आपल्या संस्थांनी जोर लावायला हवा असे मला मनापासून वाटते.

पैशाची अडचण अमेरिकन मुलींनाही आता जास्त भासणार आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी सरकारचे ‘ग्रॅड प्लस’ कर्ज बंद, आणि सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. खासगी विद्यापीठांत दोन वर्षांचा खर्च याच्या पुष्कळ वर जातो. सधन घरच्याच मुली या व्यवसायात येऊ लागल्या तर ज्यांच्या मुलांवर त्या उपचार करतील त्यांच्यापासून हा व्यवसाय आणखी दूर जाईल.

तो आधीच दूर आहे. ‘आशा’च्या सभासदांपैकी दोन भाषांत सेवा देऊ शकणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दहाच्या आतच आहे आणि त्यातही बहुतेकांची दुसरी भाषा स्पॅनिश. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चार वर्षांचा एक मराठी मुलगा प्री-स्कूलमध्ये फारसा बोलत नाही, असे समजा. इंग्रजी चाचणीत तो ‘अ’ आणि ‘द’ गाळतो, क्रियापद शेवटी नेतो. हे मराठीचे वळण झाले; मराठीत ती उपपदे नाहीतच. बिघाड आहे की नाही हे कळायला त्याला मराठीत ऐकावे लागते. आजीशी बोलताना वाक्ये तुटतात का? ‘मोठा घोडा, मोठी गाडी, मोठं घर’ ही सांगड तो त्याच्या वयाच्या मराठी मुलांसारखी घालतो का? खरा भाषादोष दोन्ही भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसणारी अडचण बहुतेक वेळा शिकण्याच्या प्रवासातली असते. अमेरिकेचा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा, जमेल तिथे मुलाच्या मातृभाषेत तपासणी व्हावी, असे सांगतो. ती करणारे माणूस मिळत नाही म्हणून कधी निकोप मूल विशेष वर्गात जाते, तर कधी गरज असलेले मूल ‘घरी दोन भाषा आहेत ना, बोलेल हळूहळू’ म्हणून दोन वर्षे मागे राहते. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून मराठी येणाऱ्या अर्जदार मुलीने, मग ती नाशिकची असो की न्यू जर्सीत वाढलेली, मराठी हा छंदाच्या रकान्यात टाकायचा विषय समजू नये. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवणाऱ्या मुलीने दोन भाषांत वाढणारी मुले जवळून पाहिलेली असतात. कोणते मूल इंग्रजीत उत्तर देते पण मराठी समजते, कोणते दोन्हींत चाचपडते, हे तिने टिपले असेल तर ते निबंधाच्या मध्यभागी यावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर विद्यापीठांना वंश पाहून प्रवेश देता येत नाही; पण अर्जदाराला काय येते आणि ती कुणाच्या उपयोगी पडेल, हे पाहण्यावर बंदी नाही.

नकार आलाच तर? पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने राहिलेल्या अनेक जणी दुसऱ्या वर्षी प्रवेश घेतात, आणि त्या प्रवेशाच्या लायक नव्हत्या असे मुळीच नसते, जागाच नव्हती. प्रतीक्षायादी १५ एप्रिलनंतर हलते, कधी मे-जूनमध्येही ई-मेल येतो, म्हणून तोवर विभागाला ‘अजून यायची इच्छा आहे’ असे दोन ओळींत कळवून ठेवावे. नकार देणाऱ्या विभागाला अर्जात काय उणे पडले ते विनयाने विचारावे. सगळे सांगत नाहीत, काही सांगतात. मधल्या वर्षात अमेरिकेतल्या मुलीला स्पीच थेरपी असिस्टंट म्हणून काम करता येते, २०२० पासून त्याचेही प्रमाणपत्र आहे. आपल्याकडच्या मुलीने बीएएसएलपीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी करून वर्षभर एखाद्या विशेष शाळेत किंवा रुग्णालयात काम करावे, आणि रोज संध्याकाळी एका रुग्णाबद्दल पाच ओळी लिहाव्यात: काय ठरवले होते, काय घडले, उद्या काय बदलायचे. नाव नको, फक्त काम. पुढच्या वेळी पोर्टल उघडेल तेव्हा निबंधाचा कच्चा माल त्या वहीत असेल, आणि शिफारसपत्र मागायला तिला रोज काम करताना पाहिलेली एक ताईही.